तिसऱ्या चिलरचा चौथरा

कॉलेजच्या मागच्या आवारात काँक्रीटचे तीन चौथरे होते. दोहोंवर यंत्रं होती, तिसरा रिकामा. जूनच्या उन्हात तो इतका पांढरा दिसायचा की त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत. नीरजा खटावकर रोज साइटवर आली की आधी तिकडे नजर टाकायची. चौथरा अजून रिकामाच आहे ना, एवढंच बघायचं आणि कामाला लागायचं.

मुलींच्या या कॉलेजची चार मजली इमारत थंड ठेवायला आजवर तीन चिलर लागत. पाणी गार करणारी ही बसएवढी यंत्रं, आणि ते पाणी पंपांनी मजल्यामजल्यावर खेळवायचं. जुनी यंत्रं म्हातारी झाली तेव्हा कॉलेजनं कुवेतच्या राई या औद्योगिक भागातल्या एका कंपनीला, नीरजाच्या कंपनीला, नूतनीकरणाचं काम दिलं. तीन काढून तीन नवे बसवावेत, असं सगळेच म्हणत होते. नीरजा एकटी म्हणाली की दोन पुरतील. तिनं पंप बदलायला लावले, गरजेपुरतेच फिरणारे. व्हॉल्व्ह बदलायला लावले. आणि बाहेरची ताजी हवा किती आत घ्यायची हे ठरवायला हवेच्या मोठ्या पाइपांत, डक्टमध्ये, सेन्सर बसवले. जुनी इमारत रिकामी असो की भरलेली, दिवसभर बाहेरची कढत हवा सारखीच ओढत राहायची आणि ती गार करता करता यंत्रं दमून जायची. नव्या इमारतीनं हवा हुंगून बघावी, ती कोंदट वाटली तरच खिडकी उघडावी, नाहीतर बंद ठेवावी, असा तिचा बेत होता.

कॉलेजच्या देखभाल विभागाचे प्रमुख अबू मिशाल यांना हे पटलं नव्हतं. जाडजूड, शांत माणूस, बोटांत कायम जपमाळ. तिसरा बसवून ठेवा, हवं तर चालवू नका, असं त्यांनी सुचवलं. नीरजानं त्यांना सांगितलं की दारात तिसरी गाडी उभी असली की ती चालवली जातेच. अबू मिशाल यांच्या दारात चार गाड्या होत्या. ते हसले आणि त्यांनी सही केली. मात्र जुन्यांतला बऱ्यापैकी चालणारा एक चिलर भंगारात काढू दिला नाही. तो कंपनीच्या राईतल्या आवारात ताडपत्रीखाली ठेवायला लावला.

नीरजा मूळची तासगावची. तिचे वडील बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाचे कॉम्प्रेसर चालवायचे. शाळेतून ती थेट तिकडे जायची, कारण उन्हाळ्यात अख्ख्या गावात तेवढी एकच गार जागा होती. तिथं दोन वास कायम नांदत. एक बेदाण्याचा, गोडसर, जुन्या गादीसारखा. दुसरा अमोनियाचा, नाकात सुई टोचावी तसा. वडील दारात थांबून आधी एक श्वास घ्यायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. यंत्र बिघडलं की आधी वास येतो, आवाज मागनं येतो, असं ते म्हणत. तिनं सांगलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, वर्गात एकटी मुलगी म्हणून केलं, आणि लग्नानंतर जयदीपला कुवेतच्या बँकेत नोकरी लागली तेव्हा त्याच्यामागून इथं आली.

इथल्या पहिल्याच कंपनीत साहेबांनी तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की तुमचा फार उपयोग होईल, बायकांच्या विभागात पुरुषांना कामाच्या वेळात जाता येत नाही, तिकडची सगळी कामं आता तुम्हीच बघा. नीरजानं तिथल्या तिथे नकार दिला होता. मी इंजिनिअर म्हणून आलेय, पडद्यामागं पाठवायची बाई म्हणून नाही. तेव्हापासून तिचा एक नेम होता. गडी जिथून जातील तिथून जायचं, जेव्हा जातील तेव्हाच जायचं. बायकांच्या विभागात पुरुषांना शिरायची मुभा दुपारनंतर, सगळ्या घरी गेल्या की. नीरजाही तेव्हाच शिरायची, शिडी घेतलेल्या माणसांच्या पुढे, हेल्मेट आणि जड बूट घालून, मागच्या दारानं. एवढ्या वर्षांत तिनं या नेमाला तडा जाऊ दिला नव्हता. त्या नेमाचा तिला अभिमान होता, आणि अभिमानाची गोष्ट माणूस सहसा तपासून बघत नाही.

आता कसोटी चालू होती. परीक्षांचे दिवस, इमारत मुलींनी भरलेली, बाहेर अठ्ठेचाळीस अंश. दोन चिलरांनी एवढं निभावलं की त्याच कॉलेजच्या उरलेल्या इमारतींचं कामही याच पद्धतीनं होणार होतं. नीरजानं आजवर दुसऱ्यांनी आखलेल्या इमारतींचे पंप जुळवले होते, वारे मोजले होते. ही इमारत तिनं स्वतः आखली होती. पहिलीच.

आणि ती निभावत नव्हती.

सकाळी सगळं छान असायचं. मग साडेनऊच्या सुमाराला काहीतरी व्हायचं. एकेका मजल्याचे डॅम्पर, म्हणजे ताज्या हवेच्या डक्टमधल्या झडपा, सताड उघडायच्या. बाहेरची भट्टी आत यायची. दोन्ही चिलर जीव तोडून धावायचे, आणि तरी तळमजल्यावरच्या परीक्षेच्या हॉलमध्ये पारा चढत जायचा. अकराच्या पुढे मुली उत्तरपत्रिकेनं वारा घ्यायला लागायच्या. मग हळूहळू झडपा मिटायच्या, आणि दुपारी गडी आत शिरेपर्यंत इमारत अशी शहाण्यासारखी गार होऊन बसलेली असायची की जणू काही घडलंच नाही.

फोरमन हुसेन परकार दापोलीकडचा. नीरजाबरोबर तीन कंपन्या बदललेला माणूस. त्यानं सेन्सर काढून पुसले. मग बदलले. वायरी तपासल्या, मोटरी तपासल्या. सेन्सर खोटं बोलत नव्हते; हवा खरोखर घाण झाली आहे असंच ते सांगत होते. पण चौथ्या मजल्यावर परीक्षाच नव्हत्या, नुसती ऑफिसं होती. तिथं गर्दी कसली?

"बाई, ह्या बिल्डिंगीत सकाळी कोणतरी येतं," हुसेन म्हणाला. "आपल्याला दिसत नाही इतकंच."

नीरजानं त्याला वेड्यात काढलं. पण त्याचं वाक्य तिच्या मनात कुसळासारखं रुतून राहिलं.

रविवारी अबू मिशाल यांनी आवाज न चढवता सांगून टाकलं. गुरुवार शेवटचा. गुरुवारी हॉल पंचवीसच्या वर गेला तर शनिवारी क्रेन येईल, ताडपत्रीखालचा चिलर परत चौथऱ्यावर बसेल, आणि पुढच्या इमारती जुन्याच पद्धतीनं होतील. ते तिच्यावर रागावले नव्हते, आणि तिला नेमकं तेच जास्त लागलं.

बुधवारी संध्याकाळी ती सालमियातल्या घरी पोचली तेव्हा घर धुरानं भरलेलं होतं. मुलगी स्पृहा बाळंतपणाला आली होती, आणि बाळंतपण करायला सांगलीहून नणंद आली होती, मेधावन्सं. वन्सं आल्यापासून घराची सत्ता त्यांच्याकडे गेली होती. डिंकाचे लाडू त्यांनी येतानाच आणले होते, बाळाचं तेल आणलं होतं, आणि तिन्हीसांजेची धुरी तर एक दिवस चुकू दिली नव्हती. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं आणि वर चिमूटभर धूप. निखाऱ्यांचं तेवढं अडलं होतं. या सातव्या मजल्यावर कोळसा कुठून आणायचा? तो प्रश्न जयदीपनं खालच्या बकाल्यातून, किराणा दुकानातून, सोडवला होता. वाण्याकडे कोळशाच्या गोल वड्यांचं पुडकं मिळालं, गॅसवर धरली की वडी लाल होते.

नीरजा दारात बूट काढत होती तोवर वन्संनी तोंडाचा पट्टा सोडलाच. लेकीचं बाळंतपण आणि आई बाहेर कुणाच्या पंपांना तेलपाणी करत हिंडतेय, असं त्या बाळाला सांगत होत्या. बाळ ऐकून घेत होतं.

कोपऱ्यात जयदीपनं धुळीच्या वादळांसाठी घेतलेलं हवा शुद्ध करायचं यंत्र होतं. एरवी निळा दिवा लावून हळू पुटपुटणारं. आता त्याचा दिवा लाल झाला होता आणि ते विमानासारखं घोंघावत होतं. बाळ दचकलं.

"ह्या मेल्याला आवर गं," वन्सं म्हणाल्या. "रोज धुरी धरली की ह्याच्या अंगात येतंय. उद्या डोक्यावर ओला पंचाच टाकते बघ."

स्पृहा पलंगावरून हसत म्हणाली, "आत्या, इट्स जस्ट डूइंग इट्स जॉब."

नीरजाचा एक बूट हातात होता. ती तशीच उभी राहिली. लाल दिव्याकडे बघत राहिली. मग शेगडीकडे. मग शेगडीशेजारी पडलेल्या कोळशाच्या पुडक्याकडे. पुडक्यावर चित्र होतं. लाकडी, चौकोनी, वर कमळासारखं उमललेलं धुपाटणं, आणि त्यातून वर जाणारी धुराची वळणदार रेघ. मबखरा. इथल्या घराघरांत, दुकानांत, ऑफिसांत असतो तो. त्यात उद जाळायचा, अगराचं सुवासिक लाकूड.

तिनं हातातला बूट खाली ठेवला.

सेन्सर तिनं स्वतः निवडला होता. कंपनीच्या यादीत स्वस्तातला होता, तो फक्त माणसांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. तिनं हट्टानं दुसरा घेतला, जो उच्छ्वासही मोजतो आणि शिवाय हवेतले बाकीचे वास, वाफा, धूरही. दारात थांबून श्वास घेणारं एक नाक तिला इमारतीला द्यायचं होतं. आणि तिनं दिलं होतं. रोज सकाळी त्या नाकाला कुणीतरी उद हुंगवत होतं, आणि ते बिचारं, आग लागली, हवा घाण झाली, असं समजून सगळ्या खिडक्या उघडत होतं. दुपारी गडी आत जायचे तेव्हा धूर विरलेला असायचा. गड्यांबरोबर ती जायची. सकाळी ती त्या इमारतीत कधी गेलीच नव्हती.

एवढं साधं होतं ते. तिला एकदम हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणी. ते धुराचं आहे असं वन्संना वाटलं.

"वन्सं, पंचा टाकू नका," ती म्हणाली. "त्याला उद्यापर्यंत असंच ओरडू दे."

तिनं हुसेनला फोन लावला. हुसेन म्हणाला की खात्री करायला हवी, आणि खात्री करायची तर सकाळी आत कोण जाणार? नीरजा म्हणाली, मी. तुम्ही? सकाळी? हुसेननं विचारलं. तिचा नेम त्याला माहीत होता.

गुरुवारी सकाळी नऊला ती पहिल्यांदा त्या इमारतीच्या पुढच्या दारानं आत गेली. पहारेकरीण तिच्या बुटांकडे बघत राहिली, पण अडवलं नाही. आत थंड संगमरवर, मुलींचे घोळके, कुणी चालता चालता तोंडातल्या तोंडात पाठांतर करतेय, कुणी मैत्रिणीच्या खांद्यावर वही ठेवून शेवटची नजर टाकतेय. एवढे महिने ज्या इमारतीच्या नाड्या तिनं बाहेरून मोजल्या, तिचं अंतरंग असं बोलतं, हसतं, घाबरलेलं असेल हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या नकाशात इथं फक्त बाणांच्या खुणा होत्या.

चौथ्या मजल्यावर ऑफिसांचा कारभार उम्म बदर नावाच्या बाई बघायच्या. साठीच्या आसपास, काळ्या अबायाच्या बाहीला बारीक जर, डोळे मिश्कील. नीरजानं मोडक्यातोडक्या अरबीत आणि बाकी इंग्रजीत स्वतःची ओळख करून दिली. उम्म बदर तिला नखशिखान्त न्याहाळत म्हणाल्या, तू ती एसीवाली? आम्हाला वाटलं तिकडे सगळे पुरुषच आहेत. आणि मग, बस, आधी कॉफी. कामाचं नंतर.

नीरजा बसली. कानात फोनची तार, पलीकडे यंत्रांच्या खोलीत पडद्यासमोर हुसेन. गहवाचा, अरबी कॉफीचा, छोटा पेला आला, खजूर आले. आजूबाजूच्या खोल्यांतून बायका जमत गेल्या. गुरुवार, आठवड्याचा शेवटचा दिवस, गप्पांना भर. नीरजाचं लक्ष दाराकडे होतं. 

मग हफिजा आली. चहापाणी बघणारी बांगलादेशी बाई, हातात मबखरा. वडी लालबुंद झालेली. उम्म बदरनी चांदीच्या डबीतून उदाचा एक तुकडा काढून तिच्यावर ठेवला, आणि निळसर धूर उठला. जड, मधासारखा, जुन्या लाकडाच्या काळजातून निघाल्यासारखा वास. बायकांनी एकेकीनं मबखरा जवळ घेतला, शेला जरा उचलून केसांत धूर घेतला, बाहीत घेतला.

"हुसेनभाई," नीरजा पुटपुटली.

"अजून काय नाही, बाई."

धूर छताकडे चढला. तिथल्या जाळीपाशी जरा घुटमळला आणि आत ओढला गेला. ती बघत होती. आयुष्यात तिनं हजारो वेळा कागदावर काढलेला तो बाण, परतीच्या हवेचा, आज पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होता.

"उघडला," हुसेन कानात म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "चौथ्याचा डॅम्पर उघडला, बाई. पुरा."

हफिजा मबखरा घेऊन जिन्याकडे निघाली. नीरजा उठून तिच्या मागोमाग. तिसरा मजला. पाळीपाळीनं खोल्या, पाळीपाळीनं शेले. "तिसरा हलला," हुसेन. मग दुसरा. "दुसरा पण." मबखरा पुढं, मागं नीरजा, आणि कानात हुसेन एकेक मजला असा पुकारत होता जसा कुणी भजनाला टाळ देतो. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तो स्वतःच हसायला लागला होता. मग अचानक थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, अबू मिशालसाहेब इथंच आलेत. बाजूला उभे आहेत. हॉल तेवीसवर आलाय आणि चढतोय.

ती परत वर धावली, कारण एक गोष्ट विचारायची राहिली होती. रोज इतका उद जाळता का?

उम्म बदरनी हात उडवले. त्याचंच तर दुःख आहे, त्या म्हणाल्या. पूर्वी सकाळी एकदा फिरवला की दुपारपर्यंत वास दरवळायचा. तुमचं हे नवीन काम झाल्यापासून कॉफी संपायच्या आत उडून जातो. म्हणून आता दोनदा फिरवावा लागतो. तक्रार कुणाकडे करणार, खाली सगळे पुरुष.

नीरजा हसायलाच लागली. यंत्र वास हाकलत होतं म्हणून या जास्त जाळत होत्या, आणि या जास्त जाळत होत्या म्हणून यंत्र आणखी हाकलत होतं. दोन्ही बाजू आपापलं काम चोख करत होत्या. उम्म बदर तिच्या हसण्याकडे जरा गोंधळून बघत राहिल्या आणि मग त्याही हसल्या.

खाली यंत्रांच्या खोलीत अबू मिशाल पडद्यासमोर उभे होते. हुसेननं त्यांना सगळं सांगितलं असावं. ते म्हणाले की मग सोपं आहे, आजच परिपत्रक काढतो, इमारतीत उद बंद. नीरजाला धाप लागली होती. तिनं हेल्मेट काढून काखेत धरलं.

"सर, चूक उदाची नाही. माझी आहे. मी या इमारतीत सकाळी कधी आलेच नव्हते."

"तुला कुणी अडवलं होतं?"

"कुणीच नाही."

अबू मिशाल यांची जपमाळ थांबली. मग पुन्हा फिरू लागली. ते म्हणाले की असलं परिपत्रक काढलं तर दुसऱ्या मजल्यावर शिकवणारी त्यांची बहीण त्यांना जेवायला बसू देणार नाही. तेव्हा बारापर्यंत वेळ आहे, काय करायचं ते करा. पण पंचवीस म्हणजे पंचवीस.

पॅनेलवर हुसेनची बोटं आधीच तयार होती. सेन्सरचं अर्धं नाक बंद करायचं होतं. वास, वाफा, धूर यांच्याकडे काणाडोळा. झडप ठरवायची ती फक्त उच्छ्वासानं. माणसं किती आहेत, एवढंच मोजायचं. एव्हाना मबखरा तळमजल्यावरही फिरून गेला होता, सगळ्या झडपा उघड्या होत्या. चौथा मजला बदलला. झडप मिटायला लागली. तिसरा. दुसरा. पहिला. प्रत्येक मजल्याची रेघ पडद्यावर उतरत गेली, आणि दर रेघेबरोबर नीरजाच्या मानेवरचा एकेक दोर सैल झाला.

तळमजल्याच्या हॉलची रेघ उतरेना.

हुसेननं पुन्हा आज्ञा दिली. झडप ढिम्म. गेले इतके दिवस ताणून ताणून ती छोटी मोटर तापून बसली होती, आणि आजच तिनं मान टाकली. झडप सताड उघडी, हॉलमध्ये परीक्षा चालू, पारा साडेचोवीस. मोटर होती हॉलच्या मागच्या अरुंद खोलीत, आणि त्या खोलीची वाट हॉलच्या आतल्या बोळातून.

हुसेन हत्यारांची पेटी उचलून उभा राहिला आणि उभाच राहिला. आत तीनशे मुली. त्याला जाता येणार नव्हतं. त्याच्या कुठल्याच माणसाला येणार नव्हतं. त्यानं पेटीतून पाना आणि टॉर्च काढून नीरजापुढे धरले.

एवढ्या वर्षांत कुणी तिला, तूच बाई आहेस, तू जा, असं म्हटलं असतं तर तिनं तो पाना परत केला असता. आज तिनं तो हिसकावून घेतला.

हॉलमध्ये ती चवड्यांवर चालत गेली. जड बुटांचा आवाज तरी झालाच. काही मुलींनी वर पाहिलं, कपाळावर घाम, हातात थांबलेली पेनं. पर्यवेक्षिका उठून पुढे आली, पाना बघून बाजूला झाली. आतली खोली भट्टी होती. बाहेरची हवा झडपेतून अंगावर कोसळत होती, धुळीचा, डांबराचा, उन्हाचा वास घेऊन. टॉर्च दातांत धरून तिनं मोटरचा पकडस्क्रू शोधला. तो सैल होईना. पाना निसटला, बोटाचं साल निघालं. तिनं पुन्हा लावला, भिंतीला पाय रोवला आणि सारं अंग त्यावर टाकलं. स्क्रू किरकिरला. सुटला. मग तिनं झडपेचा दांडा दोन्ही हातांनी धरून ओढला. एकेक बोट, एकेक बोट, आणि शेवटी लोखंडावर लोखंड बसल्याचा ठोस आवाज झाला. तिनं मोजून फट ठेवली, श्वासापुरती. वारा थांबला. त्या शांततेत तिला स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू आलं.

"किती?" तिनं फोनमध्ये विचारलं.

"चोवीस पॉइंट आठ," हुसेन म्हणाला.  ती अंधारात दांड्यावर हात ठेवून बसून राहिली. वडील असेच दारात उभे राहायचे, यंत्र उत्तर देईपर्यंत. "तसाच आहे. तसाच आहे, बाई. थांबा." आणि मग, "सात. सहा. उतरतोय."

ती बाहेर आली तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं शेला सारखा केला आणि पुन्हा लिहायला मान खाली घातली. पारा उतरल्याची यापेक्षा चांगली खूण नीरजाला नको होती.

बारा वाजता अबू मिशाल आवारात आले. तिघंही चौथऱ्यांपाशी उभी होती. ऊन असं की बोलायला तोंड उघडलं तर जीभ वाळावी. दोन्ही चिलर एका सुरात गुणगुणत होते. पडद्यावर हॉल तेवीसवर स्थिरावला होता. अबू मिशाल काही बोलणार एवढ्यात दुसऱ्या चिलरचा सूर बदलला. हुसेननं चमकून मान वळवली.  आवाज खाली आला, आणखी खाली, आणि पंखे एकामागून एक थांबायला लागले.

ते यंत्र बिघडलं नव्हतं. त्याची आता गरजच उरली नव्हती. पहिला एकटा इमारत सांभाळत होता आणि दुसरा, जूनच्या भर दुपारी, विसावा घेत होता.

हुसेनला आधी कळलं. मग तिला. मग अबू मिशाल यांना, कारण त्यांनी जपमाळ खिशात टाकली, फोन काढला आणि राईतल्या आवारात कुणाला तरी अरबीत सांगितलं की ताडपत्रीखालचं ते धूड भंगारवाल्याला देऊन टाका, क्रेन नको. फोन ठेवून ते नीरजाला म्हणाले की पुढच्या इमारतीत पहिल्या दिवशी सकाळी ये, पुढच्या दारानं, आणि कॉफी पी. तिथली उम्म बदर कोण आहे ते आधी शोध. मग नकाशा काढ.

नीरजा हो म्हणाली. ते गेल्यावर ती रिकाम्या चौथऱ्यापाशी गेली. काँक्रीट तापलेलं होतं, बुटातूनही चटका बसत होता, तरी ती वर चढली आणि मधोमध उभी राहिली. सोललेलं बोट ठसठसत होतं. केसांना, कुडत्याला, हेल्मेटच्या पट्ट्याला उदाचा वास होता. हुसेन खालून म्हणाला, बाई, उतरा, पायाचे पापड होतील. ती उतरली नाही.

खिशात फोन वाजला. वन्सं. आजची धुरी धरायची का, ते यंत्र पुन्हा बोंबलणार असेल तर आधीच सांग, असं त्या विचारत होत्या.

"खुशाल धरा, वन्सं," नीरजा म्हणाली. "त्या यंत्राची पिन मी येऊन काढते. आणि धूप जरा जास्तच टाका आज."